सतरा खणांचे मेस्त्री

तमाम वाहनधारकांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि विशेषकरून कुटुंबीयांपासून काही ना काही दडवून ठेवणाऱ्या प्रत्येक सज्जनाला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, यापुढे आपल्या गाडीत चोरकप्पा ठेवता येणार नाही. भरलेला नाही, अर्धा भरलेला नाही, रिकामासुद्धा नाही. असा कप्पा करणं, करून घेणं, असलेला वापरणं आणि असून न वापरणं, सगळं बंद. तरी संबंधितांनी लपवण्यासाठी दुसरी जागा बघावी. घरातली माळ्यावरची जागा सुचवू नये, तिथे पहिल्यांदा शोधतात.

हा आदेश रत्नागिरीत येऊन पोचला त्या दिवशी शहरात विशेष काही घडलं नाही. बंदरावर मासळी आली, ती महाग होती, लोकांनी कुरकुर करून घेतली. फक्त मांडवीच्या अलीकडे, माडांच्या दोन रांगांमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सत्तरीचा एक माणूस कानामागची पेन्सिल काढून हातात धरून बसला आणि मला म्हणाला, "काय वो नाटकवाले, भरलेल्या खणाचा गुन्हा मला कळतो. रिकाम्या खणाचा गुन्हा काय?"

आम्ही त्यांना मेस्त्री म्हणायचो. नाव होतं, रेशनकार्डावर होतं, पण ते कधी कोणाला लागलं नाही. मला ते नाटकवाले म्हणायचे, कारण मी हौशी रंगमंचावर वर्षातून एकदा कोणातरी राजाचा प्रधान होतो. मूळचे ते नाट्याचे. म्हणजे नाटकाचे नव्हे, राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचे. वडिलांबरोबर मचवे बांधायचे. पुढे लाकडी मचव्यांचं काम आटलं, फायबरच्या होड्या आल्या, तेव्हा हत्यारांची पेटी घेऊन रत्नागिरीला आले आणि टेम्पो-ट्रकचे हौदे बांधायला लागले. पण मनातून त्यांनी समुद्र सोडला नाही. गाडीच्या बॉनेटला ते नाळ म्हणायचे, होडीच्या पुढच्या टोकाला म्हणतात तशी. "तुमची गाडी नाळेकडनं वायच दबलीय," असं सांगितल्यावर परगावचे ड्रायव्हर घाबरून खाली वाकून बघत.

दोन कानांमागे दोन पेन्सिली. उजवी लाकडाला, डावी लोखंडाला. अदलाबदल झालेली मी तरी पाहिली नाही. टेप वापरायचे नाहीत, विती आणि बोटांनी मापायचे आणि त्यात दोऱ्याचाही फरक पडायचा नाही. माणूस आला तर त्याच्याकडे न बघता आधी त्याच्या गाडीवर बोटाची पेरं वाजवायचे, डॉक्टर पाठीवर वाजवतात तशी. "हय पोकळ हाय," म्हणायचे आणि चेहरा उजळायचा. पोकळ जागा सापडली की मेस्त्रींना जो आनंद व्हायचा तो इतरांना हापूसची पेटी उघडताना होतो. ही सवय शेडपुरती नव्हती. लग्नाला गेले की स्टेज वाजवायचे. दवाखान्यात खाट वाजवायचे. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा नवंकोरं सागवानी कपाट वाजवून म्हणाले, "वरून साग, आत प्लाय." आमची ही दोन दिवस जेवली नाही नीट.

तर असा हा माणूस गाड्यांमध्ये गुप्त कप्पे करायचा. चोरकप्पा म्हटलेलं खपायचं नाही. "चोर तुमच्या डोक्यात. माझा तो खण." आणि खण मागितला की मिळायचा असंही नाही. गिऱ्हाइकाला समोर स्टुलावर बसवून तीन प्रश्न. आत काय ठेवणार? कोणाला कळता नये? आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: कळलं तर काय होईल? या तिसऱ्या प्रश्नाला गिऱ्हाईक लाजलं, हसलं, डोकं खाजवायला लागलं, तर काम घ्यायचे. घाम फुटला तर नाही. "मगे नको," म्हणायचे आणि रंधा उचलायचे. काम घेतलं की मग स्वतः शब्द द्यायचे, उजव्या कानामागच्या पेन्सिलीला हात लावून: "ह्या खणाची गोष्ट माझ्या तोंडून कोणाला कळणार नाय."

मी त्या स्टुलावर बसलेलो आहे. आत काय ठेवणार? सुपारी, अडकित्ता आणि तंबाखूची चंची. कोणाला कळता नये? बायकोला, कारण मी घरच्या गणपतीपुढे उभा राहून, तिच्या देखत, तंबाखू सोडल्याचं जाहीर केलं होतं आणि प्रसंग फार रंगला होता. कळलं तर काय होईल? मी विचार करून सांगितलं, "आधी बोलणार नाही. मग खूप बोलेल. मग माहेरी फोन करून तिथेही बोलेल." मेस्त्री म्हणाले, "चालेल."

खण झाला गिअरच्या अंगाला. उघडायची तऱ्हा मेस्त्री प्रत्येकाची वेगळी ठेवायचे. माझी अशी: हँडब्रेक बरोबर तीन खटके ओढायचा, दार अर्धं उघडं ठेवायचं आणि टाच आत रेटायची. मग एक फळी मांजरीच्या पिलासारखी आवाज न करता सरकायची. आमची ही विचारायची, "गाडी थांबली की असे दार उघडं टाकून ध्यान लावून काय बसता हो?" मी म्हणायचो, इंजिन थंड होऊ देतोय.

एकच तक्रार होती. पावसाळ्यात माझी तंबाखू सादळायची. बघितलं तर खणाच्या तळाला करंगळीएवढं भोक. मेस्त्रींना दाखवलं तर त्यांना माझी कीव आली.

"बंद पोकळीला खालून भोक ठेवायचंच असतं. आत पाणी शिरलं तर जायचं कुठनं? लाकूड कुजतं."

"अहो मेस्त्री, पण ही होडी नाही. पत्र्याची गाडी आहे."

"पत्रा गंजतो," मेस्त्री म्हणाले, आणि विषय संपला.

चाळीस वर्षांचा हात होता तो. मचव्यात ज्याने एकही बंद जागा भोकाशिवाय सोडली नाही, तो मारुतीत कशाला सोडेल? प्रत्येक खणाला भोक. मग खण कितीही गुप्त असो.

याच भोकाने पुढचं सगळं घडवलं. शिमग्याच्या आधी एक गृहस्थ पिकअप घेऊन आले. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, बोलणं साजूक. स्टुलावर बसले. म्हणाले, गावदेवीची रुपं आणायची आहेत. आमच्याकडे शिमग्याला पालखीत देवीचे चांदीचे मुखवटे बसवतात, त्यांना रुपं म्हणतात. वर्षभर ती कडीकुलपात असतात, पालखीच्या वेळी गावात येतात. गृहस्थ म्हणाले, वाटेत चोरांची भीती आहे, म्हणून खण हवा. कळलं तर काय होईल, असं मेस्त्रींनी विचारल्यावर त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आई बघून घेईल." माझं आयुष्य रंगमंचावर गेलं, पण इतकं चांगलं काम मी कधी करू शकलो नाही.

मेस्त्री विरघळले. तो खण त्यांनी चपला बाहेर काढून केला. आतून लाल मखमल लावली. हळदकुंकवाची बोटं ओढली. मजुरी घेतली नाही, नारळ घेतला. आणि मखमलीखाली, अर्थातच, भोक.

होळीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, ती पिकअप गोव्याकडून येताना हायवेच्या तपासणी नाक्यावर थांबवली. कागद बरोबर होते, हौदा रिकामा होता, साहेब लोक सोडणारच होते. पण आमच्या हायवेने आपलं काम आधीच केलं होतं. आतली एक बाटली फुटली होती. हवालदार मागच्या चाकाजवळ उभा होता, त्याच्या बुटावर टप टप थेंब पडायला लागले. त्याने बोट लावून वास घेतला. खात्री करायला पुन्हा एकदा घेतला. मग हौद्याच्या फळ्या काढल्या, तर हळदकुंकू लावलेल्या लाल मखमलीवर, मानाने मांडून ठेवलेल्या गोव्याच्या बाटल्या. ड्रायव्हरने पहिल्या दमात मेस्त्रींचं नाव सांगितलं.

पोलीस शेडवर आले याचं मेस्त्रींना वाईट वाटलं नाही. देवीच्या जागेत बाटल्या बसल्या, याने ते खचले. देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून आले. दोन दिवस काही वाजवून बघितलं नाही.

त्याच सुमाराला वर सांगितलेला आदेश आला, आणि तो हातात घेऊन नाक्यावरच्या पथकाच्या प्रमुख शेडवर आल्या. वय बत्तीस-तेहतीस, कोल्हापूरकडच्या, आवाज शांत. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो आणि म्हणताना उभे राहायचो. मेस्त्रींनी सवयीने त्यांनाही गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं. मी तिथे होतो, म्हणून शब्दन्‌शब्द सांगू शकतो.

"ती पिकअप सोडून अजून किती खण केलायसा, मेस्त्री?"

"सतरा."

"गाड्यांचे नंबर?"

"नाय."

"आठवत नाहीत?"

"आठवतात. सांगणार नाय."

मॅडमनी पंख्याकडे बघितलं, तो बंद होता. "मला काढून घेता येतात, माहीत आहे नव्हं?"

"काडा. तुमी शोधलेत तर तुमचे. मी बोट दाखवणार नाय. शब्द दिलाय."

"त्या सतरांत काय भरलंय, तुम्हाला काय माहीत? पिकअपवाल्यानंही देवीचंच सांगितलं होतं की."

हे लागलं. मेस्त्रींनी मान खाली घातली. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "असं करा. आठ दिवस देते. पुढच्या रविवारी दुपारी बारापर्यंत सतराच्या सतरा खण माझ्यासमोर उघडायचे, तुमच्या हातानं बुजवायचे. आत वावगं काही नसेल तर मी कुणाचं नाव लिहून घेणार नाही. पण एक जरी कमी पडला, तर शेडला सील, आणि पिकअपच्या गुन्ह्यात तुमचं नाव. चालतंय?"

मेस्त्री म्हणाले, "ज्यांचा शब्द, त्यांना इचारतो."

आणि ते खरोखरच विचारायला निघाले. माझ्या गाडीतून. आठ दिवस मी त्यांचा ड्रायव्हर होतो, उत्तरेला मंडणगडपासून दक्षिणेला नाट्यापर्यंत. पण गिऱ्हाईक कोण हे मला कळता कामा नये, म्हणून गाव आलं की मला वेशीवर थांबवायचे, गाडीचं तोंड उलटं करायला लावायचे आणि चालत जायचे. मंडणगडला मी एका चिंचेच्या झाडाकडे पाऊण तास बघत होतो. नाट्याला माझ्यासमोर जाळ्यांचा ढीग होता आणि वारा माझ्याकडेच येत होता. प्रत्येक घरी मेस्त्री एकच वाक्य बोलायचे असं मला नंतर कळलं: "माझा शब्द मला परत द्या."

रत्नागिरीतले त्यांनी शेवटी पायी पायी गाठले. शनिवारी संध्याकाळी शेडच्या दारात बसून मला म्हणाले, "सोळांनी दिला. एकांनी 'बघू' म्हटलंय."

"कोण ते?"

"तुमी उद्या वेळेवर या."

"अहो, तुमची शेड जाईल! मी जाऊन त्याच्या पाया पडतो, नाहीतर कानाखाली वाजवतो. नाव तर सांगा."

"सांगितलं तर मगे शेड ऱ्हावली काय आणि गेली काय," मेस्त्री म्हणाले.

रविवारी सकाळी दहापासून गाड्या यायला लागल्या. गिऱ्हाइकांनी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. रविवार, त्यात मांडवी, म्हणजे समुद्र आणि भेळ. प्रत्येकाच्या घरचे आग्रह करून बरोबर आले होते. ज्यांच्यापासून लपवलं ते सगळे शेडसमोर पंगतीसारखे उभे, आणि मॅडम खुर्चीत.

मंडणगडचे एक निवृत्त मुख्याध्यापक पहिले पुढे झाले. घरात कांदासुद्धा चालत नाही अशी ख्याती. डिकीच्या बगलेतली फळी सरकली आणि सुक्या बोंबलांचा वास माडांपर्यंत गेला. तळाच्या भोकामुळे तो एरवीही खाली उतरतच असणार, कारण त्यांच्या पत्नीने तोंडाला पदर लावला आणि त्या ओरडल्या, "म्हणून! म्हणून गाडी कुठे लावली की खाली तीन मांजरं!"

नाट्याचे एक मासळीचे व्यापारी आले, पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा. त्यांच्या खणात बर्फात दोन मोठी पापलेटं. धाकटी मुलगी रत्नागिरीत दिलेली, तिच्यासाठी. थोरली शेजारीच उभी होती.

"अब्बा! तिला पापलेट? आणि मला दर जुम्म्याला बांगडे?"

"तुझ्या घरात नऊ माणसं गो! दोन पापलेटं कोणाकोणाला पुरवशील?"

"मला पुरली असती," थोरली म्हणाली, आणि दोन्ही पापलेटं उचलून गाडीत जाऊन बसली.

मग एक पस्तिशीचा तरुण आला. कुवेतहून रजेवर आलाय असं सगळे समजत होते, रजा जरा लांबली होती. त्याच्या खणात घडी घातलेला एकच कागद होता. त्याच्या आईने विचारलं, "काय हाय रे ता?" तो कागदाकडे बघत म्हणाला, "तिकडचं काम सुटलं, आये. चार महिने झाले. आता हयच ऱ्हाणार." म्हातारीने त्याच्या हातातला कागद घेतला, उलटा धरला, परत दिला. "मगे हां लपवायचा काय होता?" म्हणाली. "मी रोज देवाकडे तांच मागत होते." मेस्त्रींनी तो खण बुजवताना नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. हातोडी दोनदा चुकली.

माझी पाळी आली. मी तीन खटके ओढले, दार अर्धं उघडलं, टाच रेटली. फळी सरकली. चंची बाहेर आली. आमच्या हिने ती दोन बोटांत उचलली, वास घेतला, माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाली, "बुजवा." एवढंच. बाकीचं ती घरी आणि माहेरी वाटून देणार हे मला दिसत होतं.

बाराला दहा कमी असताना सोळा खण बुजून झाले. रस्ता रिकामा. सगळे माना लांब करून वळणाकडे बघत होते. एक रिक्षा आली, गेली. एक बैल आला.

"मेस्त्री, सतरावा?" मॅडमनी विचारलं.

"आला तर आला."

"नाव सांगा. मी माणूस पाठवते, घेऊन येईल."

"शब्द परत मिळालेला नाय."

मॅडमना ते आवडलं नाही, आणि त्यांना शेड बंद करायलाही आवडणार नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनीही शब्द दिला होता. त्यांनी हवालदाराला खूण केली. त्याने जीपमधून कुलूप, लाख आणि मेणबत्ती काढली. मेस्त्री उठले. एकेक हत्यार पुसून पेटीत ठेवायला लागले. वाकस, पटाशी, वडिलांचा रंधा. रंधा ठेवताना त्यांनी तो तळहाताने एकदा चाचपला. मग दोन्ही कानांमागच्या पेन्सिली काढल्या आणि त्याही पेटीत टाकल्या. त्या कानांमागे काही नसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हातारा एकदम उघडा वाटायला लागला.

मला ते सहन होईना. मी शेडपुढे कामाला आलेल्या एका टेम्पोच्या हौद्यावर चढलो. माझ्यातला प्रधान जागा झाला. आवाज मी असा लावला की पार समुद्रावरच्या भेळवाल्याने वळून बघितलं.

"मी विचारतो, कोण आहे तो सतरावा? सोळा माणसांनी आपली अब्रू या फळीवर मांडली. मुख्याध्यापकांनी मांडली. मी मांडली! आणि हा एक माणूस घरात लपून बसलाय? या म्हाताऱ्याने त्याच्यासाठी शेड सोडली, पण शब्द सोडला नाही. आणि त्याच्याकडून 'बघू'? थू त्याच्या जिंदगानीवर! त्याच्याशी संसार कसा करत असतील त्याच्या घरचे? मी जर त्याच्या घरात असतो ना, तर आज त्याला..."

हवालदाराने मेणबत्ती पेटवली. मेस्त्री पेटीचं झाकण लावत होते, ते थांबले, आणि त्यांनी माझ्याकडे बघून घाईघाईने मान हलवली, गप बसा म्हणून. मी गप बसणार नव्हतो. मी हात वर केला. आणि खालून, पंगतीतून, आमच्या हिचा आवाज आला. लाल झालेला चेहरा, कमरेला खोचलेला पदर.

"अहो पुरे! उतरा खाली! सतरावा माझा आहे, तुमच्याच गाडीत, तुमच्याच सीटखाली! मॅडम, खुशाल उघडा, पण आधी ह्यांना कोणीतरी समुद्रावर घेऊन जा!"